न पाहिलेल्या मोटारीचे जनक

संत तुकाराम नगरातल्या एका जुन्या इमारतीच्या आवारात, कंपाउंडच्या भिंतीला लागून, ताडपत्री पांघरलेली एक मोटार उभी असते. वर्षातले बहुतेक दिवस तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पोरे क्रिकेट खेळतात तेव्हा चेंडू तिच्या टपावर आपटतो, मांजरे तिच्या बॉनेटवर ऊन खात बसतात आणि पावसाळ्यात ताडपत्रीच्या खळग्यात साचलेले पाणी मालक झाडूच्या दांड्याने काढून टाकत असतात. दसऱ्याच्या सकाळी मात्र ताडपत्री निघते. गाडी धुतली जाते, देवाची भांडी घासावीत तसा बंपर घासला जातो, झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. मग मालक आत बसतात, चोक ओढतात आणि चावी फिरवतात. गाडी दोनदा खोकते, तिसऱ्यांदा सुरू होते आणि सगळ्या आवारात पेट्रोलचा तो जुना, ओळखीचा वास पसरतो.

बाहेर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर नव्या मोटारींची रांग लागलेली असते. वरून मेट्रो धावते. २०२२ पासून तिच्या एका स्थानकाला या वसाहतीचेच नाव आहे. एका अंगाला यशवंतराव चव्हाण रुग्णालय, जवळच आचार्य अत्रे रंगमंदिर, आणि भोवती पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेला कारखान्यांचा पट्टा. इथल्या घराघरांतल्या माणसांनी आयुष्यभर गाड्या घडवल्या. कुणी स्कूटरी केल्या, कुणी टेम्पो, कुणी ट्रक. त्यामुळे गाडीचे अप्रूप इथे कुणाला फारसे नसते. तरीही दसऱ्याला ती गाडी बाहेर आली की पाणी भरायला निघालेली, दूध घेऊन परतणारी माणसे थबकतात. पोरांना तिच्या स्टिअरिंगखालून निघालेल्या गिअरच्या दांड्याची गंमत वाटते. मोठ्यांना मात्र आठवत असते ते वेगळेच. पुढच्या सलग सीटवर आई-वडिलांच्या मध्ये बसून केलेला महाबळेश्वरचा प्रवास, घाटात तापलेल्या रेडिएटरवर ओतलेले पाणी, लग्नानंतरची पाठवणी.

सगळे तिला फियाट म्हणतात. मागच्या पाटीवर मात्र प्रीमियर पद्मिनी असे आहे. ही गाडी कुणी काढली, असे एखाद्या मुलाने विचारलेच तर मोठी माणसे इटलीचे नाव सांगतात, फार तर कुर्ल्याच्या कारखान्याचे. ज्या माणसाच्या हट्टापायी तो कारखाना उभा राहिला त्याचे नाव चटकन कुणाच्या ओठांवर येत नाही. ते नाव वालचंद हिराचंद. आणि योगायोग असा, की ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याला घराघरात नेले ती गाडी कुर्ल्याच्या दारातून बाहेर पडलेली वालचंदांना कधी पाहायलाच मिळाली नाही.

सोलापूरची पेढी, बार्शीची रेल्वे

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी हे घराणे मूळचे सौराष्ट्रातले, दिगंबर जैन; महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेले आणि सोलापुरात कापसाचा व्यापार व सावकारी करणारे. वडील हिराचंद नेमचंद हे समाजात मान असलेले गृहस्थ. आईचे सुख वालचंदांना लाभले नाही. त्यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती माउली गेली. सोलापुरात मॅट्रिक झाल्यावर कॉलेजचे शिक्षण सुरू झाले खरे, पण पदवी हाती यायच्या आत घरच्या पेढीवर परतावे लागले.

पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडायचे, हे मात्र या मुलाच्या पिंडात नव्हते. धान्याच्या व्यापारात हात घालून त्याने एकदा चांगलाच चटका खाल्ला. दुसरा कुणी असता तर मुकाट्याने गादीवर परतला असता. वालचंदांनी त्याऐवजी लक्ष्मणराव फाटक नावाच्या, पूर्वी रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थांशी भागीदारी केली आणि रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली. फाटकांना रेल्वेच्या कामातली खाचखळगी ठाऊक होती, वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची पत आणि जोखीम घेण्याची छाती होती. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या टप्प्याचे काम ही त्यांची सुरुवात. सावकाराच्या मुलाने माती आणि खडी यांचा धंदा करावा, हे त्या काळच्या सोलापुरात कौतुकाने पाहिले गेले असेल असे नाही.

पण या मातीतूनच पुढचा सगळा डोलारा उभा राहिला. बोर घाटातून पुण्या-मुंबईची गाडी ज्या बोगद्यांतून जाते त्यांच्या कामावर वालचंदांच्या बांधकाम व्यवसायाचा ठसा आहे. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. पुढे याच कंपनीने सिंधू नदीवर कालाबागचा पूल बांधला आणि आपल्या पिढीला माहीत असलेला वांद्रे-वरळीचा सागरी सेतूही तिनेच उभारला.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. वालचंद हे संत नव्हते. ते पक्के व्यापारी होते. इंग्रज सरकारची कंत्राटे घेऊन त्यांनी पैसा कमावला आणि तोच पैसा इंग्रज कंपन्यांना टक्कर देण्यात घातला. राष्ट्रवाद आणि नफा या दोन बैलांना त्यांनी एकाच गाडीला जुंपले होते. टीकाकारांना त्यात संधिसाधूपणा दिसला. पण ज्या धंद्यांत हात भाजणार हे ठाऊक असते, तिथे ते पुन्हा पुन्हा हात घालत राहिले. केवळ नफाच पाहणारा माणूस असे करत नाही.

जहाज, साखर, विमान

पहिले महायुद्ध संपले त्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात वालचंदांना एक बातमी कळली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धकाळात रुग्णालय म्हणून चालवलेले लॉयल्टी नावाचे जहाज विक्रीला निघाले होते. समुद्राशी सोलापूरचा काय संबंध? पण नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद अशा मित्रांना बरोबर घेऊन त्यांनी ते जहाज विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडच्या वाटेला लागली. आजही ५ एप्रिल हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो याच सफरीमुळे.

त्या काळात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीचे राज्य होते. नव्या कंपनीला बुडवण्यासाठी दर पाडण्यात आले. शेवटी १९२३ साली सिंदियाला आपल्या वाढीवर मर्यादा घालणारा जाचक करार स्वीकारावा लागला. आणि ते मानाचे लॉयल्टी जहाज? १९२३ मध्येच ते भंगारात निघाले. ज्या जहाजाच्या नावाने आपण एक दिवस साजरा करतो त्याची फळीही कुणी जपून ठेवली नाही. ही हकिगत लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोटारीच्या कथेत ती पुन्हा भेटणार आहे.

दरम्यान मालेगावजवळ रावळगावच्या माळरानावर त्यांनी ऊस उभा केला, तिथे साखर कारखाना निघाला, आणि पुढे त्या नावाच्या गोळ्या-चॉकलेटांनी कित्येक पिढ्यांच्या शाळकरी खिशांत जागा मिळवली. इंदापूर तालुक्यात कळंबला दुसरा कारखाना आणि त्याभोवती आखीव वसाहत वाढली. तिला आज आपण वालचंदनगर म्हणतो.

१९३९ साली वालचंद अमेरिकेला गेले होते. तिथून पॅसिफिक महासागरावरून विमानाने परतताना त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमाने बांधत होते. गप्पांतून विचार निघाला, की चीनमध्ये होते ते हिंदुस्थानात का होऊ नये? म्हैसूर संस्थान आणि तिथले दिवाण मिर्झा इस्माईल यांनी साथ दिली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. वर्ष पुरे होण्याआधी तिथे जोडलेले पहिले विमान आकाशात होते. पण युद्ध दाराशी येताच, १९४२ मध्ये, सरकारने कंपनी ताब्यात घेतली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ज्या जहाजबांधणी गोदीची कोनशिला बसली, तिची कथाही फार वेगळी नाही. मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी तिथून जलउषा हे जहाज पाण्यात सोडले आणि १९५२ साली गोदीचा मोठा हिस्सा सरकारकडे गेला. दोन्ही ठिकाणी पाया घातला वालचंदांनी. कळस चढवला तो दुसऱ्यांनी.

मोटारीचे खूळ

मोटारीचे खूळ मात्र त्यांच्या डोक्यात विमानाच्याही आधीपासून होते. मुंबईत तेव्हा शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता, १९२८ पासूनचा. तीन वर्षांनी फोर्ड कंपनीही मुंबईत आली. पण दोन्हीकडे चाले ती केवळ जोडणी. परदेशातून पेटाऱ्यांत भरून सुटे भाग यायचे, इथे ते बोल्टांनी आवळायचे आणि गाडी विकायची. इंजिन, गिअरपेटी, पत्रा, सगळे बाहेरचे. आपल्याकडे पाना फिरवणारे हात होते. धातू ओतणारे, दाते पाडणारे, साचे करणारे कारखाने मात्र नव्हते.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास स्वदेशी मोटार कारखान्याची योजना तपशिलाने मांडली. वालचंद त्या योजनेमागे उभे राहिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले तेव्हा सरकारी मदतीची आशाही निर्माण झाली. पण १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ती आशा मावळली. अमेरिकेत वालचंदांनी फोर्डचे दार ठोठावून पाहिले, तिथे काही जमले नाही. १९४० साली क्रायस्लर कंपनीशी मात्र करार झाला. आता हवी होती ती दिल्लीच्या सरकारची परवानगी आणि यंत्रे आणण्यासाठी परकी चलन. युद्धाच्या धामधुमीत सरकारला लष्करासाठी हजारो गाड्या हव्या होत्या. त्या इथे बनवू देण्याची तयारी मात्र नव्हती.

अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला पाच महिने उरले असताना, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. क्रायस्लरच्या घराण्यातल्या डॉज, डिसोटो, प्लिमथ या ऐसपैस अमेरिकन मोटारी आणि ट्रक तिथे तयार होऊ लागले. पण देश गरीब, पेट्रोल महाग, रस्ते अरुंद. इतकी अवाढव्य गाडी घेणार कोण? राजेरजवाडे, मोठे व्यापारी आणि सरकारी खाती संपली की यादी संपत होती. वकील, डॉक्टर, कॉलेजातले प्राध्यापक यांना हवी होती आटोपशीर गाडी. म्हणून प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली आणि १९५१ पासून चिमुकली फियाट ५०० कुर्ल्यात जोडली जाऊ लागली. दारे दोन, जागा जेमतेम, पण छोट्या गाडीची वाट तिने मोकळी केली.

तोवर वालचंद थकले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० साली त्यांनी सगळ्या कारभारातून अंग काढून घेतले. एकाच वेळी चार-पाच उद्योगांच्या घोड्यांवर स्वार होणारा हा माणूस अंथरुणाला खिळला. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचे निधन झाले.

आता तारखांचा खेळ पाहा. त्याच वर्षी मार्च महिन्यात जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात फियाटने आपली नवी ११०० गाडी जगापुढे ठेवली होती. आणि १९५३ मध्येच भारत सरकारने ठरवले, की ज्यांच्याजवळ इथेच गाडी बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच या देशात धंदा करता येईल. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्डने वर्षभरात गाशा गुंडाळला. ज्या धोरणासाठी वालचंद दोन दशके भांडले ते धोरण आणि ज्या गाडीची त्यांच्या कारखान्याला गरज होती ती गाडी, दोन्ही एकाच वर्षी आली. त्याच वर्षी वालचंद गेले.

डुक्कर ते पद्मिनी

१९५४ च्या सुमारास ही ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. गोलगरगरीत अंग, आखूड नाक, जमिनीलगत बसलेली ठेवण. मुंबईकरांनी तिला पाहताक्षणी डुक्कर म्हणायला सुरुवात केली. नावात हेटाळणी नव्हती, लाडच होता. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडत. आज जुन्या गाड्यांच्या शौकिनांत डुक्कर फियाट हा शब्द आदराने उच्चारला जातो आणि एखादी धडधाकट डुक्कर दिसली तर माणसे रस्ता ओलांडून तिच्याकडे जातात.

पुढे दर काही वर्षांनी नाक-डोळे बदलत गेले, हाड मात्र तेच राहिले. १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी घरच्यांच्या आग्रहावरून फियाट घेतली तेव्हा तिची किंमत बारा हजार रुपये होती आणि शास्त्रीजींनी त्यासाठी बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढले होते. कर्ज फिटायच्या आत ते ताश्कंदला वारले. उरलेले हप्ते ललितादेवींनी फेडले. ती गाडी दिल्लीच्या शास्त्री स्मारकात आजही उभी आहे. एका पंतप्रधानाला कर्ज काढून घ्यावीशी वाटली आणि घेता आली, अशी ती मध्यमवर्गाची गाडी होती.

१९७३ मध्ये फियाटचे नाव जाऊन ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून पद्मिनी. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती. इटलीत या घराण्याची शेवटची गाडी १९६९ मध्येच निघाली होती; आपल्याकडे ती आणखी तीस वर्षे तयार होत राहिली. का? तर स्पर्धाच नव्हती. मोठी गाडी हवी तर ॲम्बेसेडर, छोटी हवी तर फियाट, आणि दक्षिणेकडची स्टँडर्ड. गाडीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. लग्न ठरल्यावर नंबर लावला आणि मूल शाळेत जाऊ लागल्यावर गाडी आली, अशा गोष्टी घराघरात होत्या.

वालचंदांनी मागितलेले संरक्षण हे तान्ह्या उद्योगासाठी होते. पाय बळकट होईपर्यंत हात धरा, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांच्या माघारी ते संरक्षण इतके लांबले, की मूल चाळिशीला आले तरी पांगुळगाड्यातच राहिले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि लोकांना कळले, की मोटार पहिल्या फटक्यात सुरूही होऊ शकते. पद्मिनीचा उतार तिथून सुरू झाला. नव्वदीच्या दशकात प्रीमियरने प्यूजो या फ्रेंच कंपनीशी भागीदारी केली, ती फळली नाही. कुर्ल्याचा कारखाना फियाटकडे गेला. शतक संपता संपता पद्मिनीचे उत्पादन थांबले. आणि डिसेंबर १९९८ मध्ये संपूर्ण भारतीय आराखड्याची मोटार म्हणून गाजलेली इंडिका रस्त्यावर आली ती या आपल्याच पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातून. साचे पाडणारे, दाते कापणारे, इंजिन ओतणारे जे हात वालचंदांना हवे होते, ते अखेर इथे तयार झाले होते. कुर्ल्याच्या वर्कशॉपांत आणि इथल्या शेडमध्ये घासून निघालेल्या दोन-तीन पिढ्यांची ती पुण्याई.

भरपूर होती म्हणून दुर्मिळ

वस्तू दुर्मिळ का होते? थोडी असते म्हणून, असे आपल्याला वाटते. पद्मिनीची गोष्ट उलटी आहे. ती इतकी होती, की तिला जपावे असे कुणाला सुचलेच नाही. मुंबईत तर काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे फियाट आणि फियाट म्हणजे टॅक्सी, असे समीकरण होते. टपावर कॅरिअर, आत रंगीबेरंगी छत, मीटर बाहेर. त्या हजारो टॅक्सींमुळेच सुटे भाग कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत. क्लचप्लेट असो, कार्ब्युरेटर असो, दाराची मूठ असो. एक टॅक्सी भंगारात निघाली की दहा घरगुती फियाटींचा संसार चाले. कुठलाही मिस्त्री झाडाखाली बॉनेट उघडून तिला वाटेला लावी, कारण तिच्या पोटात दडलेले असे काहीच नव्हते.

मग मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. तिची वीस वर्षे भरताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती रस्त्यावरून उतरली. त्याच्या आदल्याच महिन्यात बेस्टची जुनी डिझेलची डबल डेकरही निवृत्त झाली होती. मुंबईचे दोन ओळखीचे चेहरे दीड महिन्याच्या अंतराने गेले. टॅक्सी गेल्या तशी सुट्या भागांची विहीरही आटत चालली. आता ज्याच्याकडे पद्मिनी आहे तो दुसरी मोडकी पद्मिनी शोधतो, तिच्यातला भाग काढून आपल्या गाडीला लावतो. म्हणजे एक जगवायची तर एक संपवावी लागते. त्यात हा पत्रा गंजाला फार भितो. इंजिन दुरुस्त होते, पण दाराखालची पट्टी आणि पायाखालची जमीन एकदा सडली, की टिंकरिंगचे बिल गाडीच्या किमतीच्या वर जाते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नोंदणीचे नूतनीकरण आहेच.

कायद्यानेही तिच्यासाठी एक दार उघडले आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. डुक्कर कधीच त्या वयाची झाली. पहिल्या पद्मिनींची पन्नाशी २०२४ मध्ये भरली. पण विंटेज झालेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शनात, मिरवणुकीत, शर्यतीत ती न्यायची. मान मिळतो, पण भाजी आणायला जाता येत नाही. एका साध्यासुध्या घरगुती गाडीला हा मान कितपत मानवेल, हा प्रश्नच आहे.

वालचंदांचे तरी काय उरले आहे? वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणांचे भाग तयार होतात. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघालेले कितीतरी इंजिनिअर या पट्ट्यात नोकरीला लागले. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, २००४ मध्ये टपाल तिकीट निघाले. बंगळूरच्या कंपनीतून आजचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स वाढले, तिचा एक कारखाना आपल्या नाशिकजवळ ओझरला आहे. रावळगावच्या गोळ्यांची नावे २०२४ मध्ये रिलायन्सने विकत घेतली. आणि प्रीमियर? याच जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चिंचवडला तिचा यंत्रनिर्मितीचा कारखाना होता. तिथून २००९ मध्ये रिओ नावाची छोटी गाडी काढून कंपनीने पुन्हा एकदा मोटारीच्या धंद्यात पाऊल टाकून पाहिले. चिनी आराखड्याची ती गाडी चालली नाही आणि पुढे कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कारखाने हात बदलतात, पाट्या उतरतात. लॉयल्टीचे जे झाले तेच थोड्याफार फरकाने इतरांचेही झाले. सामान्य माणसाला हात लावून पाहता येईल असे वालचंदांच्या उद्योगातून जे शिल्लक आहे, ते अशा कुठल्या तरी आवारात ताडपत्रीखाली आहे.

संत तुकाराम नगरातले ते गृहस्थ आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. भंगारवाला वर्षातून दोनदा येऊन वजनाचा भाव सांगून जातो. मुलगा म्हणतो, पार्किंगची जागा अडते. आणि त्याचेही खोटे नाही, इमारतीत आता घरटी दोन गाड्या आहेत. गृहस्थ कुणाशी वाद घालत नाहीत. दसऱ्याला गाडी निघते, नातवंडांना घेऊन वल्लभनगरच्या एसटी स्थानकापर्यंत एक फेरी होते. गेल्या वर्षी परत येताना नातीने पाटीवरचे प्रीमियर हे नाव वाचून ते कुणाचे म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि सोलापूरच्या एका मुलापासून गोष्ट सांगायला सुरुवात केली. गोष्ट संपेपर्यंत इंजिन थंड झाले होते. गाडी पुन्हा सुरू करायला चोक ओढावा लागला, आणि या वेळी तो नातीने ओढला.